डिझेल मुरलेली काळी माती तपासायची कशी: खड्ड्यातल्या नमुन्यापासून ताकदीच्या आकड्यापर्यंत

मातीची फुगवण मोजण्याची आयएस २७२० (माती चाचण्यांचं भारतीय मानक) भाग ४० मधली चाचणी माती प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने केलेली असते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची. १०० मिलीच्या दोन मोजनळ्यांपैकी एकीत डिस्टिल्ड वॉटर आणि दुसरीत केरोसीन भरून त्यात ती टाकायची आणि २४ तास थांबायचं. काळी माती असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळीत ती, समजा, १९ मिलीपर्यंत वर आलेली दिसते. केरोसीनच्या नळीत मात्र १० मिलीवरच बसलेली असते, वाळूसारखी. फुगवण निर्देशांक म्हणजे जास्तीचे ९ मिली भागिले १०, ९० टक्के. माती एकच आहे, फरक फक्त द्रवाचा.

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली, जनरेटरच्या टाकीतून वर्षानुवर्षं डिझेल झिरपलं किंवा गॅरेजचं जळकं ऑइल आवारात मुरलं, की दख्खनच्या काळ्या मातीचं काय होतं ते या दोन नळ्या दाखवतात. काळ्या मातीतलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि भोवती पाणी व धन आयनांचा थर धरलेला असतो. मातीचा चिकटपणा, फुगणं, आकसणं हे सगळं त्या थराच्या जाडीवर ठरतं. ही जाडी द्रवाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या (द्रव विद्युत भारांमधली ओढ किती कमी करतो, त्या मापाच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. पाण्याचा स्थिरांक सुमारे ८०, डिझेल-केरोसीनचा सुमारे २. बाकी सगळं सारखं धरलं, तर पाण्याच्या जागी डिझेल आल्यावर हा थर सूत्रानुसार सहापट पातळ होतो. पापुद्रे एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात आणि चिकण माती गाळवट मातीसारखी वागू लागते.

पण ‘पाण्याच्या जागी डिझेल’ हे प्रत्यक्षात सहज घडत नाही. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

डिझेल शिरलं तेव्हा माती ओली होती की सुकी?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला दीड-दोन मीटर खोल भेगा पडलेल्या असतात. तेव्हा गळती झाली तर डिझेल भेगांमधून थेट खाली जातं आणि सुक्या ढेकळांत शोषलं जातं. ऑगस्टमध्ये तीच माती फुगून भेगा मिटलेल्या असतात आणि छिद्रं पाण्याने भरलेली असतात. डिझेल पाण्यात मिसळत नाही. पाणी ढकलून बारीक छिद्रात शिरायला त्याला ठरावीक दाब लागतो, आणि चिकण मातीच्या छिद्रांसाठी तो बराच असतो. त्यामुळे ते मुळांच्या वाटांतून, ढेकळांच्या सांध्यांतून आणि पाइपाभोवतीच्या भरावातून पसरतं. ढेकळाचा गाभा बहुतेक स्वच्छ राहतो.

म्हणजे ६ टक्के डिझेल असलेल्या दोन जागांची ताकद वेगळी निघू शकते. एकीकडे तेल पापुद्र्यांच्या गठ्ठ्यांना लागलेलं आहे, दुसरीकडे फक्त ढेकळांच्या पृष्ठभागांना. दुसऱ्या जागी ढेकळं एकमेकांवरून घसरतात, पण ढेकूळ स्वतः मजबूत असतं आणि पावसात फुगतंही. म्हणून गळती कोणत्या महिन्यात सुरू झाली असेल, ते साठ्याच्या नोंदी आणि डिप रॉडच्या (टाकीतली पातळी मोजायच्या पट्टीच्या) रीडिंगवरून आधी काढा.

नमुना घेताना

खड्डा खणण्याआधी गॅस मीटरने वाफ तपासा. डिझेलपेक्षा पेट्रोलच्या जागी धोका फार मोठा, कारण पेट्रोल झपाट्याने उडतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचते. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला आधार द्या किंवा बाजू उतरत्या कापा. एकट्या माणसाला खाली उतरवू नका. हातमोजे नायट्राइलचे घ्या, साध्या रबराचे डिझेलमध्ये फुगतात.

गळतीच्या जागेपासून चढाच्या बाजूला २०-३० मीटरवर, त्याच थरातून, त्याच खोलीवरून स्वच्छ मातीचा नमुना घ्या. तो नसेल तर पुढचा एकही आकडा कशाशी ताडायचा ते कळणार नाही. काळी माती एकाच शेतात बदलते. पुस्तकातल्या ‘सर्वसाधारण’ लिक्विड लिमिटशी (माती वाहू लागते त्या ओलाव्याशी) तुलना करून प्रदूषणाचा परिणाम ठरवणं चूक आहे.

नमुने कमीत कमी तीन पातळ्यांवर हवेत: भेगांच्या पट्ट्यात, भेगा संपतात तिथे आणि भूजल जिथे वर-खाली होतं तिथे. डिझेलची घनता ०.८३ च्या आसपास असल्याने ते पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात पातळीबरोबर वर चढतं, उन्हाळ्यात खाली उतरतं आणि मधला सगळा पट्टा माखून ठेवतं.

तेलाच्या प्रमाणासाठीचा नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, टेफ्लॉनचा थर असलेलं झाकण लावा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. पॉलिथिनच्या पिशवीत ठेवू नका. डिझेल पिशवीच्या भिंतीत शिरतं आणि हळूहळू बाहेर पडतं. ताकदीच्या चाचणीसाठी पातळ भिंतीची स्टीलची ट्यूब वापरा. इथे एक चूक हमखास होते: ट्यूबची टोकं नेहमीप्रमाणे पॅराफिन मेणाने बंद केली जातात. मेण हाही हायड्रोकार्बनच. डिझेल लागलं की ते मऊ पडून विरघळू लागतं आणि झाकण सुटतं. आधी ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन घड्या दाबून बसवा, मग त्यावर मेण ओता. ट्यूब आत ढकलताना तिला ग्रीस किंवा तेल लावू नका, हे सांगायला नको. पण ड्रिलिंगवाल्याला मात्र सांगा.

जागेवर झटपट अंदाज हवा असेल तर चिमूटभर माती टिपकागदावर दाबा. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा पारदर्शक डाग राहतो.

ओव्हनचा आकडा म्हणजे ओलावा नव्हे

या कामात सर्वाधिक चुका इथे होतात, आणि ही चूक पुढच्या प्रत्येक चाचणीत झिरपते. १०५-११० अंशांवर २४ तासांत पाणी पूर्ण जातं, डिझेल थोडंसं जातं आणि थोडं राहतं. ओव्हनमध्ये घटलेलं सगळं वजन पाण्याचं समजलं तर ओलावा जास्त दिसतो. उरलेलं तेल मातीच्या वजनात धरलं जातं, ती वेगळी चूक. जड क्रूड किंवा इंजिन ऑइल असेल तर जवळजवळ सगळंच मागे राहतं. पेट्रोल असेल तर बहुतेक सगळं उडून जातं.

दुरुस्ती अशी करायची. कोरड्या मातीच्या वजनाला धरून तेलाचं प्रमाण n, सुकवल्यावर त्यातला मागे उरणारा हिस्सा r, ओल्या नमुन्याचं वजन W१, सुकल्यावरचं वजन W२. मग खरा ओलावा:

w = (१ + r × n) × W१ ÷ W२ − (१ + n)

r पुस्तकातून घेऊ नका, स्वतः काढा. स्वच्छ जागेवरची ओव्हनमध्ये सुकवलेली १०० ग्रॅम माती डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा. बाहेर ठेवली तर काळी माती हवेतला ओलावा पटकन ओढते आणि वजन हलतं. तिच्यात २० ग्रॅम पाणी आणि ६ ग्रॅम डिझेल मिसळून २४ तास सुकवा. वजन १०२.४ ग्रॅम आलं तर ६ पैकी २.४ ग्रॅम तेल उरलं, म्हणजे r = ०.४. पाणी घालणं आवश्यक आहे, कारण पाण्याच्या वाफेबरोबर डिझेलही जास्त निघून जातं. कोरड्या मातीवर काढलेला r ओल्या नमुन्याला लागू पडत नाही. डबीचा आकार, मातीच्या थराची जाडी आणि वेळ दोन्हीकडे तीच ठेवा.

आता n = ०.०६, r = ०.४ आणि १०० ग्रॅमचा नमुना सुकून ८० ग्रॅम झाला असं धरा. नेहमीच्या हिशोबाने ओलावा २० ÷ ८०, म्हणजे २५ टक्के. सूत्राने (१.०२४ × १.२५) − १.०६ = ०.२२, म्हणजे २२ टक्के. तीन टक्क्यांचा फरक काळ्या मातीत ताकदीचा आकडा बदलायला पुरेसा असतो.

n काढायला सॉक्स्लेट एक्स्ट्रॅक्शन (सॉल्व्हंटने तेल धुऊन काढणं) करून घ्या. पाणी थेट मोजायचं असेल तर टोल्युइन वापरून डीन-स्टार्क डिस्टिलेशन उत्तम: पाणी उकळून वर जातं आणि मोजनळीत तळाशी वेगळं साचतं, वाचायचं फक्त. जागेवर पडताळणीसाठी कॅल्शियम कार्बाइडचा रॅपिड मॉइश्चर मीटर चालतो, कारण कार्बाइडची प्रक्रिया पाण्याशी होते, तेलाशी नाही. पण ढेकूळ नीट फुटलं पाहिजे, नाहीतर तेलाच्या पापुद्र्याआडचं पाणी मोजलंच जात नाही. हा मीटर ओल्या वजनावरचा आकडा दाखवतो, हेही विसरू नका.

डिझेलचे नमुने बंद ओव्हनमध्ये एकदम खच्चून भरू नका. वाफ बाहेर जाण्याची सोय असलेला ओव्हन, २०-३० ग्रॅमचे छोटे नमुने आणि जवळ उघडी ज्योत नाही, एवढं पाळा.

प्रयोगशाळेत नमुने तयार करताना

तेलाच्या वेगवेगळ्या प्रमाणांवरचा कल पाहायचा असेल तर स्वच्छ मातीत ०, ३, ६, ९ आणि १२ टक्के डिझेल मिसळा. टक्केवारी कोरड्या वजनावर आणि मोजणी वजनाने, मापनळीने नाही. हवेवर वाळलेल्या काळ्या मातीत सहज ८ टक्के ओलावा उरलेला असतो. ३ किलो अशी माती म्हणजे कोरडी २.७७८ किलो, आणि ६ टक्के डिझेल म्हणजे १६७ ग्रॅम, १८० नव्हे.

दोन वेगळे गट करा. पहिल्या गटात कोरड्या मातीत आधी डिझेल, बंद डब्यात सात दिवस, मग पाणी. ही उन्हाळ्यातल्या गळतीची नक्कल. दुसऱ्या गटात मातीत आधी पाणी, एक दिवस मुरू देऊन मग डिझेल, आणि पुन्हा सात दिवस. ही पावसाळ्याची. डबा मिसळल्यावर आणि उघडण्याआधी तोला. घट म्हणजे उडालेलं डिझेल, n त्याप्रमाणे दुरुस्त करा. तेलाने मातीवर काय परिणाम होतो याबद्दल एकमेकांविरुद्ध निष्कर्ष छापले जातात, त्याचं मोठं कारण हा क्रम न सांगणं आहे, असं आमचं ठाम मत आहे.

लिमिट आणि बारीक मातीचं प्रमाण

लिक्विड लिमिट मोजायच्या कॅसाग्रांदेच्या पितळी वाटीत मातीत चर पाडून ठोके देतात. त्यात तेलकट माती वाहून चर बुजवत नाही, तर अख्खी चकती वाटीवरून घसरते. २५ ठोक्यांआधीच चर मिटतो आणि लिक्विड लिमिट चुकीची कमी येते. त्यामुळे इथे शंकूची पद्धत वापरा, शंकू मातीत २० मिमी रुततो त्या ओलाव्यावर वाचा आणि ओलावा वरच्या सूत्राने दुरुस्त करा. पहिल्या गटात लिक्विड लिमिट आणि प्लास्टिसिटी इंडेक्स (माती लवचिक राहते तो ओलाव्याचा पल्ला) बहुधा उतरतात, कारण पाण्याला पापुद्र्यांपर्यंत पोचता येत नाही. दुसऱ्या गटात फरक कमी दिसतो. एखाद्या अहवालात तेलाबरोबर लिक्विड लिमिट वाढलेली दिसली, तर आधी ओव्हनमध्ये उडालेलं तेल पाणी म्हणून मोजलं गेलं का ते बघा.

हायड्रोमीटर चाचणी (कण पाण्यात किती वेगाने बसतात त्यावरून बारीक मातीचं प्रमाण काढणारी) तेल काढल्याशिवाय करू नका. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं द्रावण तेलाने चिकटलेले गठ्ठे सोडवत नाही. ते गाळासारखे झपाट्याने खाली बसतात आणि चिकण मातीचं प्रमाण निम्म्यावर आल्याचा भास होतो. स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचंही तसंच.

दाबाई

हलकी प्रॉक्टर चाचणी (ठरावीक ठोक्यांनी माती किती घट्ट बसते ते पाहणारी) नेहमीचीच: १००० घन सेमीचा साचा, २.६ किलोचा ठोकणा, ३१० मिमी उंची, तीन थर, प्रत्येकी २५ ठोके. बदलतो तो हिशोब. कोरडी घनता ही एकूण घनता भागिले (१ + w + n), नुसतं (१ + w) नाही. एकूण घनता १.८५, ओलावा २२ टक्के आणि तेल ६ टक्के असेल तर कोरडी घनता १.८५ ÷ १.२८, म्हणजे १.४४५. ओव्हनचे २५ टक्के वापरले तर १.४८. स्वच्छ मातीची कमाल घनता १.५२ असेल तर कागदावर ९७ टक्के दाबाई दिसते, प्रत्यक्षात ती ९५ टक्के असते. भराव स्वीकारायचा की नाही ते या दोन आकड्यांवर ठरू शकतं.

तेल वाढत जाईल तशी कमाल घनता आणि ती मिळायला लागणारं पाणी, दोन्ही साधारणपणे कमी होतात, कारण पाण्याचं वंगणाचं काम काही अंशी तेल करतं आणि छिद्रांतली जागाही अडवतं. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर ओलावा आणि पाणी अधिक तेल, असे दोन्ही वक्र काढा. शून्य हवेची रेघ (छिद्रांत हवा अजिबात नसताना येणारी घनता) काढताना द्रवाचं आकारमान w + n ÷ ०.८३ धरा, नाहीतर तुमचे बिंदू रेघेच्या पलीकडे जातील.

ताकद

अनकन्फाइन्ड चाचणीला (बाजूने आधार न देता वरून दाबण्याच्या) ३८ मिमी व्यासाचा, ७६ मिमी उंचीचा नमुना घ्या. दाबण्याचा वेग मिनिटाला अर्धा ते दोन टक्के. फुटण्याची पद्धत आकड्याइतकीच नोंदवा. स्वच्छ, कमी ओलाव्याची काळी माती तिरक्या रेषेत कडकन तुटते. तेलकट नमुना पिंपासारखा फुगत जातो, शिखर दिसतच नाही. मग २० टक्के आकुंचनावरचा ताण घ्या. फुगलेल्या नमुन्याच्या पृष्ठभागावर तेलाचे चमकदार ठिपके आले, तर निचरा होत आहे असं लिहा.

तेल वाढल्यावर ही ताकद बहुतेक घटते. पण घर्षणाचा कोन (कण एकमेकांवर घासून घसरण्याला किती विरोध करतात त्याचं माप) कुठे वाढतो, कुठे कमी होतो, आणि त्यामागे दोन उलटसुलट क्रिया आहेत. पाण्याचा थर आकसून पापुद्र्यांचे गठ्ठे झाले की चिकटपणा कमी होतो आणि माती खरबरीत वागते. त्याच वेळी गठ्ठ्यांवर बसलेला तेलाचा पापुद्रा त्यांना घसरू देतो. डिझेल पातळ असल्याने पहिली क्रिया ठळक दिसू शकते. जळक्या इंजिन ऑइलमध्ये दुसरी जिंकते. म्हणून तेलाचा प्रकार न लिहिता ‘तेलाने कोन कमी होतो’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

डायरेक्ट शिअर (नमुन्याचा वरचा अर्धा भाग खालच्यावरून सरकवण्याची चाचणी) निचऱ्यासह करायची तर घाई करू नका. कन्सॉलिडेशनच्या (भाराखाली पाणी निघून माती दबण्याच्या) वक्रावरून ५० टक्के दबण्याचा वेळ काढा. फुटायला त्याच्या ५० पट वेळ द्या. तो वेळ ५ मिनिटं असेल तर २५० मिनिटं, म्हणजे ५ मिमी सरकण्यासाठी मिनिटाला ०.०२ मिमी. ट्रायॲक्सियलमध्ये (नमुन्याला चहूबाजूंनी दाब देऊन केलेल्या चाचणीत) लॅटेक्सचं आवरण डिझेलने फुगून फाटतं, ओ-रिंगही सैल पडतात. आवरण नायट्राइलचं किंवा निओप्रीनचं वापरा, ओ-रिंग नायट्राइलच्या.

खचणं, फुगणं आणि झिरपणं

ओडोमीटर चाचणी (भाराखाली माती किती खचते ते मोजणारी) दोन भांड्यांत करा, एकात पाणी भरून आणि एकात डिझेल भरून. जागेवर पावसाळ्यात पाणीच येणार, म्हणून पहिली आवश्यक. दुसरी गळती चालू असतानाची स्थिती दाखवते. भार दर वेळी दुप्पट करत ८०० किलोपास्कलपर्यंत न्या. प्रत्येक चाचणीनंतर सच्छिद्र दगड सॉल्व्हंटने धुवा. तेलाने बुजलेल्या दगडामुळे निचरा मंदावतो आणि दोष मातीवर येतो.

फुगवणीबाबत फार सावध राहा. तेलकट मातीचा फुगवण निर्देशांक कमी येतो, आणि ‘बरं झालं, माती शांत झाली’ असा निष्कर्ष काढून पाया उथळ ठेवला जातो. पण मॉन्टमोरिलोनाइट तिथेच आहे. सूक्ष्मजीवांनी तेल खाल्लं, ते वाहून गेलं किंवा उडालं, की पापुद्रे पुन्हा पाणी धरतात. शिवाय टाकीखालची माती शांत आणि चार मीटरवरची जिवंत, अशाने फरशी एका बाजूने उचलली जाते. पायाचं डिझाइन स्वच्छ मातीची फुगवण आणि दूषित मातीची ताकद, या दोन्हींतली वाईट बाजू धरून करा.

पाझर मोजताना कडक भिंतीचा साचा वापरला तर डिझेलने आकसलेल्या नमुन्याच्या कडेने द्रव निसटतो आणि पाझर अवाजवी जास्त दिसतो. लवचिक आवरणाच्या सेलमध्ये बाजूचा दाब भेगा मिटवतो आणि आकडा बराच खाली येतो. उथळ थरासाठी बाजूचा दाब कमी ठेवा, कारण तिथे भेग मिटवायला वरून वजनच नसतं.

जागेवर काय करायचं

पातळ थर असेल तर खणून काढून त्याजागी मुरूम दाबून भरणं सोपं आणि भरवशाचं. पण काढलेली माती शेजारच्या नाल्याच्या काठी टाकता येत नाही. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम तपासा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करा.

चुना किंवा सिमेंट मिसळायचं असेल तर स्वच्छ मातीसाठी ठरलेलं प्रमाण आंधळेपणाने वापरू नका. काळ्या मातीला ४-६ टक्के चुना पुष्कळदा पुरतो, पण तेलाचा पापुद्रा चुन्याला मातीपर्यंत पोचू देत नाही. ७ आणि २८ दिवसांची ताकद पाण्यात भिजवून तपासा. न भिजवलेला नमुना फसवतो. जैविक उपचारात काळ्या मातीची अडचण हवेची आहे. ढेकळं फोडून भाताचं तूस किंवा उसाचं चिपाड मिसळा, माती ओलसर ठेवा पण चिखल होऊ देऊ नका, आणि नत्र-स्फुरद द्या. कार्बन, नत्र व स्फुरदाचं १००:१०:१ हे प्रमाण सुरुवातीला धरतात. उपचार संपल्यावर फुगवण चाचणी पुन्हा करा, कारण तेल जितकं कमी झालं, तितकी ती वाढलेली सापडेल.

फरशीच्या चारही कोपऱ्यांवर आणि टाकीच्या कडेला पातळी मोजायचे पितळी खिळे बसवा. संदर्भ बिंदू मात्र मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला हवा. काळ्या मातीवर ठेवलेला संदर्भ बिंदू स्वतःच वर-खाली होतो. पहिलं वाचन मेच्या शेवटी, दुसरं सप्टेंबरमध्ये, आणि अशी निदान दोन वर्षं.